बिऱ्हाड हलविण्यापूर्वी कागद-पेन्सिल हाती घ्या

‘गावात भागत नाही, शहरात चांगली नोकरी चालून आली आहे, बिऱ्हाड हलवावे काय?’ या पानाकडे येणाऱ्या पत्रांतून आणि प्रत्यक्ष भेटीतही हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत टेलर आहेत, वेल्डर आहेत, सुतार आहेत, छोटे किराणा दुकानदार आहेत. प्रत्येकाच्या तोंडी दोनच आकडे असतात. इथे इतके मिळतात, तिथे इतके मिळतील. दुसरा आकडा मोठा दिसला की सामानाची बांधाबांध सुरू होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, हे दोन आकडे पुरेसे नाहीत. धंद्यात आपण नुसती विक्री पाहून नफा ठरवीत नाही. माल, भाडे, हमाली, तूट, उधारी वजा करतो आणि मग गल्ल्यात काय उरले ते पाहतो. संसाराचा हिशेबही तसाच करावयास हवा. किती मिळेल, यापेक्षा महिनाअखेर किती उरेल हे महत्त्वाचे.

सरकारी आकडे कोठवर उपयोगी?

काही सुशिक्षित वाचक महागाई निर्देशांकाचा आधार घेतात. केंद्र सरकारचा श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठी जो निर्देशांक काढतो, त्यात २०१६ हे वर्ष १०० धरले आहे. मात्र हा आकडा एकाच शहरातील भाव २०१६ पासून किती वाढले ते सांगतो. एका शहराचा निर्देशांक दुसऱ्यापेक्षा मोठा म्हणजे ते शहर अधिक महाग, असा त्याचा अर्थ होत नाही. स्वस्त गावाचा निर्देशांकही झपाट्याने वाढलेला असू शकतो.

दुसरा आधार घरगुती खर्चाच्या पाहणीचा. २०२३-२४ च्या देशव्यापी पाहणीत माणशी दरमहा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. सहा माणसांच्या घराला लावून पाहिले तर गावी २४,७३२ आणि शहरात ४१,९७६ रुपये. फरक सतरा हजारांवर जातो. डोळे उघडण्यास हा आकडा पुरेसा आहे, परंतु आपला हिशेब त्यावर करू नये. एक तर ही सर्व देशाची सरासरी आहे. दुसरे असे की, स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे भाडे त्यात धरलेले नसते. शहरात घर नसलेल्या माणसाला नेमका भाड्याचाच मार बसतो.

म्हणून सरासरी बाजूला ठेवू आणि एक घर डोळ्यांसमोर आणू.

एका टेलर मास्तरांचे घर

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात एक टेलर मास्तर आहेत. घरात पत्नी, तीन मुले आणि वृद्ध अम्मा, अशी सहा माणसे. घर स्वतःचे, कौलारू. थोडी भातशेती. खेडच्या बाजारात भाड्याचा गाळा, त्यात दोन मशीन. गाळ्याचे भाडे, धागा-बटणे, मशीनची दुरुस्ती जाऊन महिन्याला २२,००० रुपये सुटतात. मुंबईतल्या कपड्यांच्या एका कारखान्याने कटिंग मास्तर म्हणून ३५,००० रुपये देऊ केले आहेत. बिऱ्हाड मुंब्र्यात करावयाचे ठरते, कारण तेथे गावची माणसे आहेत, मुलांना उर्दू शाळा आहेत आणि लोकलचे स्टेशन आहे. वरवर पाहता तेरा हजारांचा फायदा.

आता कागदावर दोन रकाने आखू. खालील रकमा उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत.

घरभाडे : गावी काही नाही, मुंब्र्यात ९,०००
इमारतीचा देखभाल खर्च व पाणी : गावी काही नाही, मुंब्र्यात ६००
तांदूळ, आटा : गावी ६००, मुंब्र्यात २,०००
किराणा, तेल, मसाला : गावी ५,५००, मुंब्र्यात ६,०००
मासळी, मटण, भाजी, दूध : गावी ४,०००, मुंब्र्यात ५,५००
वीज व गॅस : गावी १,४००, मुंब्र्यात २,२००
शाळा, शिकवणी, शाळेची रिक्षा : गावी १,५००, मुंब्र्यात ४,०००
जाणे-येणे, बाहेरचा चहा-नाश्ता : गावी १,२००, मुंब्र्यात २,०००
औषधपाणी : गावी १,०००, मुंब्र्यात १,५००
कपडालत्ता, ईद, देणे-घेणे : दोन्हीकडे १,८००
मोबाइल व किरकोळ : दोन्हीकडे १,०००

बेरीज करा. गावी १८,००० रुपये. मुंब्र्यात ३५,६००. गावी मास्तरांच्या हाती ४,००० उरत होते. मुंब्र्यात पगार ३५,००० असूनही ६०० कमी पडतात.

हिशेब येथेही संपत नाही.

एकदाच होणारा खर्च महिन्यांवर वाटा

बिऱ्हाड हलविताना जो खर्च होतो, तो ‘एकदाचा झाला’ म्हणून आपण विसरतो. दलालाचे एका महिन्याचे भाडे ९,०००. भाडेकरार दीड हजार. टेम्पो व हमाली १२,०००. शाळेचा प्रवेश, गणवेश, पुस्तके ६,०००. पंखा, पाण्याचे पिंप, शेगडीची नळी, पडदे असे बारीकसारीक ६,५००. एकूण ३५,००० रुपये झाले. करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणून ही रक्कम अकराने भागा. महिन्याला सुमारे ३,१८० रुपये पडतात.

शिवाय गावचे घर काही आपोआप उभे राहत नाही. घरपट्टी, मीटरचे किमान बिल, पावसाळ्याआधी कौले परतणे, शेताची मजुरी यांसाठी महिन्याला १,२०० धरा. दोन ईद, लग्नकार्य, मयत अशा निमित्ताने वर्षातून दोनदा तरी सर्व घर गावी येणार. मुंब्र्याशेजारच्या दिव्याहून कोकण रेल्वेची गाडी खेडला येते, एस.टी. आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे. तरीही जाणे-येणे आणि रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून घ्यावयाच्या वस्तू मिळून वर्षाचे १२,००० कोठे गेले नाहीत. म्हणजे महिन्याला १,०००.

आता पूर्ण बेरीज ४०,९८० रुपये होते. ३५,००० च्या पगारात महिन्याला जवळजवळ सहा हजारांची तूट येईल. गावी जे चार हजार उरत होते तेवढेच मुंब्र्यात उरावेत असे वाटत असेल, तर पगार ४५,००० हवा. तेरा हजारांची वाढ पुरत नाही, तेवीस हजारांची लागते. दुसऱ्या वर्षी दलाली व टेम्पोचा भार हलका होईल, पण तोवर पहिल्या वर्षाची तूट कोणाच्या तरी उधारीने भरलेली असेल.

अनामतीचा पैसा येतो कोठून?

वरील हिशेबात आम्ही अनामत रक्कम धरलेली नाही, कारण ती परत मिळावयाची असते. पण ५०,००० रुपये आधी उभे करावे लागतात. कोणी भिशी उचलतो, कोणी पत्नीचा दागिना मोडतो, कोणी व्याजाने काढतो. व्याजाचा हप्ता सुरू झाला तर तो महिन्याच्या खर्चात लिहावा. दागिना मोडला तर तो तुटीच्या रकान्यात लिहावा. अनामतीसाठी शेताचा तुकडा विकू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. अनामत घरमालकाकडून परत येईल, विकलेले शेत येणार नाही.

करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगतो त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. एवढ्या थोड्या पैशासाठी पन्नास हजारांची अनामत तोंडी बोलीवर सोडू नये.

भाडे फारच कमी सांगितले तर आनंद मानण्यापूर्वी त्याचे कारण विचारा. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. त्यांत कामावरचे मजूर होते, तेथेच राहणारी कुटुंबे आणि लहान मुलेही होती. इमारतीला परवानगी आहे काय, नळाला पाणी किती वेळ येते, टँकरचे पैसे कोण देतो, वीजमीटर स्वतंत्र आहे की मालक आपल्या दराने युनिट मोजतो, एवढे तरी अनामत देण्यापूर्वी त्याच इमारतीतील दोन भाडेकरूंना विचारून घ्यावे.

बिनपैशाच्या वस्तूंची किंमत

दोन रकान्यांत एवढा फरक का पडला? वाणसामान शहरात फारसे महाग नाही, काही जिन्नस तर घाऊक बाजार जवळ असल्याने स्वस्तही मिळतात. पण गावी जे फुकट येते ते शहरात विकत घ्यावे लागते. घर आपले. सात-आठ महिने पुरेल एवढा तांदूळ शेतातला. विहिरीचे पाणी. परसातला शेवगा, नारळ, कोकम. चार कोंबड्यांची अंडी. पाणी तापविण्यास लाकूडफाटा. पायी जाता येईल अशी शाळा. दुपारी घरी येऊन जेवता येते म्हणून बाहेरचा खर्च नाही. मूल आजारी पडले तर शेजारीण सांभाळते.

यातील बरेचसे घरच्या बायकांच्या कष्टाने येते. ते कधी वहीत लिहिले जात नाही, म्हणून पुरुषाच्या हिशेबात ते दिसतही नाही. म्हणूनच हा कागद मास्तरांनी एकट्याने भरू नये. पत्नीला आणि अम्मांना शेजारी बसवून भरावा. महिन्याला किती शहाळी, किती अंडी, किती पायली तांदूळ लागतो, हे त्यांना ठाऊक असते. आणि दहा बाय बाराच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर दिवस कसा जाईल, हे अम्मांना विचारलेच पाहिजे. त्या येणार नसतील तर गावी त्यांचे पाहणार कोण, हा खर्चाचाच प्रश्न आहे.

आणखी एक न दिसणारी वस्तू म्हणजे पत. गावच्या किराणावाल्याकडे मास्तरांचे खाते आहे. महिना अडला तर तो थांबतो. नव्या वस्तीत पहिले सहा महिने सर्व व्यवहार रोखीचा. ज्याची गावी पंधरा-वीस हजारांची पत आहे, त्याने शहरात तेवढी रोकड हाताशी ठेवूनच जावे.

रेशनच्या बाबतीत मात्र एक भीती अनाठायी आहे. गाव सोडले म्हणून कार्ड रद्द करण्याची गरज नाही. अन्न सुरक्षा योजनेत नाव असेल तर आधारच्या पडताळणीने देशातील कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरातील काही माणसे गावी व काही शहरात असतील, तर दोन्हीकडे आपापल्या वाट्याचे धान्य उचलता येते.

शाळेबाबतही घाबरू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा बदलणाऱ्या मुलाला दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुंब्रा ठाणे महापालिकेच्या हद्दीत येते आणि महापालिकेच्या उर्दू शाळा तेथे आहेत. फीचा आकडा जो फुगतो तो खाजगी शाळा, शिकवणी आणि रिक्षा यांनी. म्हणून कोणती शाळा, हे आधी ठरवावे आणि खोली शाळेजवळ पाहावी. रिक्षाचे पैसे तेथेच वाचतात.

एकट्याने जावे काय?

मग मास्तरांनी एकट्याने जावे काय? तोही हिशेब करू. गाववाल्यांच्या खोलीत वाटा, खाणावळ, लोकलचा पास, चहापाणी मिळून ८,०००. महिन्यातून एकदा गावी येण्यास १,०००. घरचा खर्च १८,००० वरून १६,५०० होईल. एकूण २५,५००. उरतात ९,५००. खेडचा गाळा सोडला नाही तर त्याचे भाडे २,५०० वजा करा. उरले ७,०००.

गावी उरत होते ४,०००. म्हणजे बाप घरापासून दूर राहून घराला मिळाले महिन्याला ३,००० अधिक. या तीन हजारांत मुलांचा अभ्यास कोण घेणार, अम्मांना रात्री डॉक्टरकडे कोण नेणार, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. कोकणच्या मुस्लिम घरांना हा प्रश्न नवा नाही. आखातात गेलेल्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. ज्यांनी कुटुंब सौदी अरबस्तानात नेले होते, त्यांच्यावर जुलै २०१७ मध्ये माणशी दरमहा १०० रियालची आकारणी सुरू झाली. ती दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ४०० रियाल झाली. पत्नी व तीन मुले धरली तर महिन्याला १,६०० रियाल, वर्षाला १९,२००. पगार तोच, नोकरी तीच, पण या एका रकमेने अनेकांनी कुटुंबाला परत पाठविले. ज्यांनी पूर्वी महिनाअखेरचा हिशेब ठेवला होता, त्यांना निर्णय लवकर घेता आला. ज्यांनी ठेवला नव्हता, ते कर्जात गेल्यावर जागे झाले.

मग जाऊच नये काय?

असे आमचे म्हणणे मुळीच नाही. हाच कागद दुसऱ्या घरात ‘जा’ असेही सांगेल. मास्तरांच्या पत्नीला शिवणकाम येत असेल आणि मुंब्र्यात फॉल-बीडिंग, पिको, ब्लाउज यांतून सात-आठ हजार येण्याची खात्री असेल, तर तूट भरून निघते. मोठी मुलगी दहावी झाली असून तिला नर्सिंगला किंवा विज्ञान शाखेला पाठवावयाचे असेल, तर तिला हॉस्टेलमध्ये ठेवण्याचा खर्च वाचतो, तो जमेला धरा. घरात कोणाचे डायलिसिस चालू असेल आणि त्यासाठी दर आठवड्याला लांब जावे लागत असेल, तर तो प्रवासही जमेला धरा. ज्याचे गावी स्वतःचे घर नाही, शेत नाही, जो गावीही भाडेच देतो, त्याचा हिशेब मास्तरांपेक्षा अगदी वेगळा येईल. आणि प्रत्येक वेळी मुंबईच कशाला? चिपळूण, महाड, पनवेल यांचे रकाने आखून पाहा. पगार कमी असेल, पण कदाचित उरेल अधिक.

जाण्याचे ठरलेच, तर आमच्या चार सूचना ध्यानात ठेवाव्यात. पहिली, घरच्या कर्त्याने आधी तीन महिने एकट्याने जावे आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. त्या तीन महिन्यांत पगार वेळेवर मिळतो काय, मंदीत सुट्टी देऊन पैसे कापतात काय, हेही कळेल. कपड्यांच्या कामात ईद-दिवाळीपूर्वीचा पगार आणि पावसाळ्यातला पगार सारखा नसतो. दुसरी, निघण्यापूर्वी गिऱ्हाइकांकडील उधारी वसूल करावी. माणूस गाव सोडून गेला की येणे बुडते, देणे मात्र मागे येते. तिसरी, बिऱ्हाड शाळेच्या सुट्टीत हलवावे, वर्षाच्या मध्यात नाही. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, गाळा व मशीन सहा महिने सोडू नयेत.

या चौथ्या सूचनेवर वाचक म्हणतील, रिकाम्या गाळ्याला महिन्याला अडीच हजार कशाला भरावयाचे? सहा महिन्यांचे पंधरा हजार होतात, हे खरे आहे. पण एखाद्या चुलतभावाला किंवा शिकाऊ पोराला गाळ्यात बसविले, आल्टरेशनची किरकोळ कामे चालू ठेवली, तर त्यातला काही भाग निघतो. टेलरचे गिऱ्हाईक मापाच्या वहीशी बांधलेले असते. दुकान बंद दिसले की ते पंधरा दिवस वाट पाहते आणि मग दुसऱ्याकडे माप देते. एकदा दिलेले माप परत आणणे किती कठीण असते, हे धंद्यातल्या माणसाला सांगावयास नको. शहरात नाही जमले, तर परत येऊन बसण्यास जागा आहे, दोन मशीन आहेत आणि मापाची वही आहे, हा भरवसा पंधरा हजारांत स्वस्त आहे.

शहरातून परतलेल्या माणसाकडे गावी टोमण्याने पाहतात. ‘गेला होता मोठा मुंबईला’ असे म्हणतात. या एका वाक्याच्या भीतीने कित्येकजण तूट सोसत, दागिने मोडत, तिथेच अडकून पडतात. ज्याने जाण्यापूर्वी घरच्या मंडळींसह कागद भरला आणि ‘सहा महिन्यांनी इतके उरले नाहीत तर परत’ असे ठरवून ठेवले, त्याला परतताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर एक कोरा कागद घ्या, मध्ये रेघ मारा आणि घरच्यांना शेजारी बसवा. पहिली ओळ घरभाड्याची लिहा. पगाराचा आकडा सर्वांत शेवटी.